डब्यातलं नॅट, आपलं नॅट

एअरफिक्स कंपनीने १९६४ साली काढलेलं नॅट विमानाचं १/७२ मापाचं प्लास्टिक किट जुन्या बाजारात हाती लागलं की माणूस हरखतो, आणि घरी येऊन डबा उघडला की हिरमुसतो. आत आसनं दोन. हे ब्रिटिश हवाई दलाचं प्रशिक्षण विमान. ३ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय हवाई दलाचे ट्रेव्हर कीलर पाकिस्तानी सेबर विमानावर ज्यातून तुटून पडले ते आपलं नॅट एकट्या वैमानिकाचं, अंगाने लहान. खरं लढाऊ नॅट ८.७४ मीटर लांब, प्रशिक्षणाचं ९.६८. बहात्तराव्या हिश्शात फरक उरतो १३ मिलिमीटर. पंखांच्या पसाऱ्यात आणखी आठेक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळं मॉडेल वीतभरसुद्धा नसतं.

हौशी मॉडेलकारांची कसोटी या १३ मिलिमीटरपाशी लागते, आणि बहुतेक जण तिला बगल देतात असं माझं मत झालं आहे. पाहिलेल्या कामांत एक खोड वारंवार दिसते. कॉकपिटमध्ये घड्याळांच्या तबकड्या, आसनाचे पट्टे, बाजूच्या पॅनेलवरची बटणं, सगळं भिंगाखाली बसून केलेलं. मग वर काच चिकटते आणि त्या मेहनतीतलं फारसं काही कुणाला दिसत नाही. दिसतं ते नाक, आणि ते प्रशिक्षण विमानाचंच राहिलेलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार इथे शब्दशः घडतो.

आकार दुरुस्त करणं कंटाळवाणं आहे, हे कबूल. १३ मिलिमीटर एकाच जागी कापले की निमुळतेपणा मोडतो आणि जोडावर पायरी पडते. थोडं थोडं कापून, एम-सीलने भरून, पॉलिश पेपर ओला करून घासत बसावं लागतं. शेपटीचं शीड वेगळं, पंखही नुसती टोकं छाटून जुळत नाहीत. दोघांवरची लांब काच तर सरळ टाकूनच द्यायची. लाकडाचा साचा कोरायचा, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक त्यावर गरम करून ताणायचं, आणि दहातली एक काच बरी निघाली तर समाधान मानायचं. ती इन्स्टंट ग्लूने चिकटवू नये. वाफेने काच पांढुरकी होते. हे शिकायला मला दोन काचा लागल्या.

हाताने घडवलेल्या बारकाव्यांना माझा विरोध नाही. ते कुठे खर्चायचे, एवढाच प्रश्न. प्रशिक्षण नॅटला तोफा नव्हत्या. आपल्या नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा होत्या, हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या कडेला. या मापात तोफेचं तोंड ०.४ मिलिमीटर येतं. इंजेक्शनची बारीक सुई कानशीने घासून बसवली की काम होतं, आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. चाकांची झाकणं हवेत ब्रेक म्हणूनही वापरली जात, म्हणून ती जाडजूड राहिली तर खटकतात. पातळ पत्र्यातून नवी कापावीत.

सामानाची तक्रार मात्र मी ऐकून घेत नाही. वरवंडसारख्या उसाच्या गावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात केसासारखी तांब्याची तार भंगारात पडलेली असते. ब्रेकच्या नळ्यांना त्याहून चांगलं काही मिळत नाही. गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलचे पट्टे होतात. किटच्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढला की अँटेनाची तार तयार. असल्या जुगाडाची सवय आपल्याला नवी नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करणारी आणि गणपतीला थर्माकोलचं मखर कोरणारी पिढी हेच करत होती. राज्यातल्या २०१८च्या बंदीनंतर थर्माकोल गेला, ब्लेड धरणारा हात तेवढा कमी झाला.

जुन्या किटवर पत्र्यांच्या जोडांच्या रेषा उठावाच्या असतात. त्या घासून टाकून सुईने नव्या खोदायची फॅशन आहे. बरेच जण इतक्या खोल खोदतात की पंखांवर उसाच्या सऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर साडेतीन सेंटीमीटरहून मोठी फट. त्यापेक्षा उठावाची रेघ परवडली. रंगाचंही तसंच. चंदेरी अंगावर आपल्या हवाई दलाच्या गोल चिन्हातला केशरी खरा हवा, संत्र्याच्या सालीचा नको.

आता एकआसनी नॅटची नवी किटंही निघाली आहेत आणि थ्रीडी प्रिंटरवर आसनं छापून येतात. मग जुना डबा कापायचा कशाला? छापील आसन माझ्या हातच्या आसनापेक्षा सरस असतं, यात वाद नाही. पण तयार भाग लावणाऱ्याला विमान आतून कसं बसतं हे कळायची गरज पडत नाही, आणि ते त्याच्या कामात दिसतं: भाग अप्रतिम, विमान भलतंच. कापून जोडणाऱ्याच्या कामात उलट चुका असतात. मला दुसऱ्या चुका चालतात.

खरी अडचण मापांपेक्षा चित्रांची आहे. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात नॅट उभं आहे. १९६५च्या हवाई युद्धावर जगन मोहन आणि समीर चोप्रा यांचं २००५चं पुस्तक आहे. पण पंखाखालची एखादी पट्टी, झाकणावरचा क्रमांक, डागडुजीचा वेगळा रंग हे जवळून काढलेल्या फोटोतच सापडतं. ते फोटो हवाई दलात नोकरी केलेल्यांच्या घरी ट्रंकेत असतात. तुमच्या घरी असा एखादा असेल, तर स्कॅन करताना आजोबांपुरता कापू नका. मागचं विमान राहू द्या.