गोरिंगला गंडवणारा चित्रकार: एका लोकप्रिय गोष्टीची चिकित्सा

युरोपच्या इतिहासातल्या आडवाटेच्या गोष्टी आपण या मालिकेत बघतो आहोत. आजची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकलेली असेल. हान व्हान मेगरेन नावाचा एक डच चित्रकार. त्याने व्हर्मीरच्या नावाने खोटं चित्र रंगवलं आणि ते थेट हरमान गोरिंगच्या गळ्यात मारलं. युद्धानंतर राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याबद्दल त्याला पकडलं, तेव्हा त्याने सांगून टाकलं की चित्र व्हर्मीरचं नाहीच, माझं आहे. पुरावा म्हणून पहाऱ्यात बसून आणखी एक ‘व्हर्मीर’ रंगवून दाखवला. नाझींना फसवणारा अवलिया! टाळ्या, आणि गोष्ट संपली.

ती तिथे संपवली जाते, हेच आम्हाला खटकतं. म्हणून आज या गोष्टीकडे जरा समीक्षकाच्या नजरेने बघू. आधी चित्र, मग माणूस.

पडद्यावर आहे ते ‘एमाउस इथले भोजन’. गोरिंगकडे गेलेलं चित्र वेगळं, हे त्याच्या आधीचं, आणि व्हान मेगरेनचं सगळ्यात गाजलेलं. मधोमध निळ्या वस्त्रात ख्रिस्त, टेबलावर पाव, पांढरा चंबू, डावीकडून येणारा उजेड. १९३७ साली अब्राहम ब्रेडियस यांनी हे बघितलं. ब्रेडियस म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे बरं का, हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयाचे माजी संचालक, वय ८२. त्यांनी ‘बर्लिंग्टन मॅगझीन’मध्ये लिहिलं की ही व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती म्हणावी लागेल. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाने ते पाच लाखांहून जास्त गिल्डर मोजून मिळवलं आणि १९३८ मध्ये लोकांनी त्यापुढे गर्दी केली.

आता आपण सगळे मिळून शांतपणे बघू या. डोळ्यांच्या पापण्या बघा: जड, सुजल्यासारख्या, अर्ध्या मिटलेल्या. चेहरे मेणाचे. कपड्याच्या आत दंड आहे, कोपर आहे, असं वाटतच नाही. व्हर्मीरची दूध ओतणारी बाई आठवा. तिच्या हातातल्या भांड्याचं वजन आपल्या मनगटाला जाणवतं. इथे कशालाच वजन नाही. मग प्रश्न येतो, ब्रेडियससारख्या माणसाला हे दिसलं कसं नाही?

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं तांत्रिक, आणि ते खरंच हुशारीचं आहे. तैलरंग पूर्ण कडक व्हायला कित्येक दशकं जातात. नव्या रंगावर अल्कोहोलचा बोळा फिरवला की तो सुटतो, आणि चोरी पकडली जाते. व्हान मेगरेनने सतराव्या शतकातला खरा जुना कॅनव्हास घेतला, रंगात फिनॉल-फॉर्मल्डिहाइड, म्हणजे आपलं बॅकेलाइट, मिसळलं आणि चित्र भट्टीत भाजलं. ज्या पदार्थाची विजेची बटणं बनत, त्याचा ‘व्हर्मीर’ झाला! रंग दगडासारखा झाला, तडेसुद्धा पडले.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. व्हर्मीरची चित्रं जेमतेम तीन डझन. त्यात तरुणपणीचं एक धार्मिक चित्र, मार्था आणि मेरीच्या घरातला ख्रिस्त, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उजेडात आलेलं. तेव्हा अभ्यासकांना वाटायचं की अशी आणखी असणार, आणि त्यांवर इटलीची, काराव्हाजोची छाया दिसणार. व्हान मेगरेनने नेमकं तेच पुरवलं, चित्राची मांडणीसुद्धा काराव्हाजोच्या ‘एमाउस’वरून उचलली. म्हणजे त्याने व्हर्मीरची नक्कल केलीच नाही, तज्ज्ञांच्या अपेक्षेची केली. व्हर्मीरच्या इतर चित्रांशी साम्य नाही? मग हाच तर हरवलेला दुवा! अशा तर्काला हरवता येत नाही.

आणि ते चेहरे १९३० च्या दशकातल्या सिनेनट्यांसारखे आहेत, हे आज कुणीही सांगतो. तेव्हाच्या प्रेक्षकाला मात्र ते खटकले नाहीत, कारण सौंदर्याची तीच कल्पना त्याच्याही डोळ्यांत बसलेली होती. आपल्या काळाचा वास आपल्याला येत नाही.

सगळेच फसले, असंही नाही. ड्युवीन या मोठ्या चित्रविक्री पेढीच्या माणसांनी ऑक्टोबर १९३७ मध्ये पॅरिसला हे चित्र बघितलं आणि तार करून न्यूयॉर्कला कळवलं की माल खोटा आहे. पण गंमत ऐका. याच ड्युवीनने १९२० च्या दशकात अमेरिकन धनाढ्य अँड्र्यू मेलन यांना दोन ‘व्हर्मीर’ विकले होते, ‘हसरी मुलगी’ आणि ‘लेस विणणारी’. आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत ती दोन्ही कुणा अनुकरण करणाऱ्याच्या नावावर आहेत.

इथून आपण माणसाकडे येऊ. व्हान मेगरेन स्वतः सांगायचा ते असं: समीक्षकांनी माझी कदर केली नाही, म्हणून सूड घेतला. ऐकायला बरं वाटतं. जोनाथन लोपेझ यांनी २००८ साली पुस्तक लिहून या सूडकथेची शिवण उसवली. मेलनच्या चित्रांमागेही व्हान मेगरेनच असावा, असं ते मांडतात. तसं असेल तर हा धंदा कुठल्याही सूडाच्या आधीचा, पैशासाठीचा.

आणि राजकारण? १९४२ साली त्याच्या रेखाचित्रांचं पुस्तक निघालं. त्याची एक प्रत बर्लिनमध्ये हिटलरच्या ग्रंथसंग्रहात सापडली, आत हिटलरला उद्देशून गौरवाची अर्पणपत्रिका आणि खाली व्हान मेगरेनची सही. त्याचा खुलासा काय, तर सही माझी, वरचा मजकूर दुसऱ्या कुणीतरी लिहिला. तुम्हीच ठरवा.

गोरिंगचा व्यवहारही नीट बघायला हवा. ‘ख्रिस्त आणि व्यभिचारिणी’ या चित्राची किंमत ठरली साडेसोळा लाख गिल्डर, आणि ती रोख नव्हती, शंभरावर चित्रांच्या बदल्यात होती. मधला माणूस आलोइस मीडल. अ‍ॅम्स्टरडॅमचे ज्यू चित्रविक्रेते जाक गाउडस्टिकर मे १९४० मध्ये कुटुंबासह पळून जाताना जहाजाच्या तळघरात पडून वारले. मागे राहिलेली त्यांची पेढी आणि तिचं नाव याच मीडलने घेतलं, आणि त्यांची शेकडो चित्रं गोरिंगकडे गेली. ‘गोरिंग कसा फसला’ म्हणून आपण हसतो तेव्हा ज्या बाजारात हा विनोद घडला तो कुणाच्या घरांवर उभा होता, हे त्या हशात बुडून जातं. आमचा आक्षेप आहे तो इथे.

खटला २९ ऑक्टोबर १९४७ ला उभा राहिला. तोवर शत्रूशी संगनमताचा मुद्दा मागे पडला होता, उरली होती बनावट आणि फसवणूक. शिक्षा एक वर्ष. ती भोगायच्या आधीच, ३० डिसेंबरला, तो हृदयविकाराने गेला. ताब्यातून सुटलेल्या देशाला हसायला एक गोष्ट हवी होती. ब्रेडियसना हवा होता तो व्हर्मीर त्याने जसा पुरवला, तशीच ही गोष्टही पुरवली. त्याची ही बनावट ‘एमाउस’पेक्षा जास्त टिकली, असं आमचं मत आहे.

डच सरकारने गाउडस्टिकर यांच्या वारसांना २०२ चित्रं परत दिली, ती २००६ साली.

आता प्रश्न घेऊ. त्याआधी ‘हसरी मुलगी’ आणि मोत्याचं कर्णभूषण घातलेली व्हर्मीरची मुलगी, दोन्ही पडद्यावर शेजारी लावतो आहोत. मिनिटभर नुसतं बघा.