चटईक्षेत्रात न मावणारे घर : मार्केट यार्ड परिसराच्या संदर्भात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या परिभाषेची समीक्षा

प्रास्ताविक

शहरातील वस्त्यांच्या पुनर्विकासाची चर्चा बहुधा जमीन, बांधकाम आणि अर्थपुरवठा या तीन अंगांनी होते. ज्या शब्दांच्या आधारे घर मोजले जाते आणि रहिवासी ठरवला जातो, त्या शब्दांकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. ‘पात्र’, ‘संमती’, ‘चटईक्षेत्र’ हे शब्द वरवर तांत्रिक वाटतात. परंतु घर कोणाला मिळणार व केवढे मिळणार, हे त्यांच्यावरच ठरते. प्रस्तुत लेखात पुण्यातील मार्केट यार्ड परिसर समोर ठेवून या परिभाषेची समीक्षा केली आहे. या परिभाषेत निवारा मोजला जातो, परंतु घर आणि श्रम यांचे नाते मोजले जात नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन होय.

घर आणि श्रम

गुलटेकडी येथील मार्केट यार्ड ही पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीची मुख्य बाजारपेठ. शेतमालाच्या गाड्या रात्रीच येऊ लागतात आणि उजाडण्यापूर्वी बाजार जागा होतो. हमाल, तोलणार, टेम्पोचालक, हातगाडीवाले यांच्या श्रमावर हा व्यवहार चालतो. अवेळी कामावर पोहोचावे लागणाऱ्या माणसासाठी चालत जाण्याइतके अंतर ही केवळ सोय नसते. ती रोजगाराची अटच असते. डॉ. आंबेडकरनगर, प्रेमनगर, डायस प्लॉट या वस्त्यांचे बाजाराशी असलेले सान्निध्य या दृष्टीने पाहावे लागते.

हे नाते कष्टकऱ्यांच्या चळवळीने फार पूर्वी ओळखले होते. डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालीच्या कामाला नियमनाची व कल्याणाची चौकट मिळाली. याच चळवळीच्या प्रयत्नांतून बाजारालगत हमालनगर ही वसाहत आकाराला आली. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. तथापि, रीतसर सूचना देऊन पदपथावरील झोपड्या हटविण्यास मुभाही दिली. तत्त्व मान्य होते, पण धोरणाच्या मोजमापात ते उतरत नाही, ही विसंगती तेव्हापासूनची आहे.

परिभाषेचे तीन शब्द

महाराष्ट्रात १९७१ च्या झोपडपट्टी अधिनियमाने सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास हे तिन्ही मार्ग कायद्यात आणले. मुंबईत १९९५ पासून आणि पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी २००५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणामार्फत योजना राबविली जाऊ लागली. वाढीव बांधकाम हक्काच्या मोबदल्यात विकसकाने रहिवाशांना विनामूल्य घरे द्यावीत आणि उर्वरित बांधकाम विकून खर्च व नफा काढावा, असा या योजनेचा गाभा आहे.

यातील पहिला शब्द ‘पात्र’. पात्रता ठरते ती विहित तारखेपूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्यावरून. ‘परिशिष्ट-दोन’ या यादीत नाव असणे वा नसणे यावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहते. पोटमाळ्यावर थोरल्या मुलाचा स्वतंत्र संसार असला, तरी यादीच्या दृष्टीने झोपडी एकच असते. भाडेकरूकडे पुरेसा पुरावा नसला, तर त्याच्या वाट्याला केवळ स्थलांतर येते.

दुसरा शब्द ‘संमती’. योजनेच्या आरंभी ७० टक्के रहिवाशांची संमती आवश्यक मानली गेली. ही संमती मोजली जाते प्रारंभी. त्यानंतर संक्रमण शिबिरात वा भाड्याच्या खोलीत काढावा लागणारा काळ, रखडलेले काम, बदललेला आराखडा या प्रत्येक टप्प्यावर रहिवाशाला पुन्हा विचारले जातेच असे नाही.

तिसरा शब्द ‘चटईक्षेत्र’. विनामूल्य घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांपर्यंत वाढले. ही वाढ स्वागतार्हच आहे. परंतु वस्तीतील घर भिंतीपाशी संपत नाही. रात्रपाळी करून आलेला हमाल दुपारी ओट्यावर चटई टाकतो, हातगाडी दाराशी उभी राहते, पालेभाजीच्या जुड्या गल्लीत बसून बांधल्या जातात, लहान मूल शेजारणीच्या नजरेखाली असते. नोंद असलेल्या दुकानाला योजनेत व्यावसायिक गाळा मिळू शकतो. दारात बसून लसूण सोलणाऱ्या बाईच्या कामाला ‘दुकान’ म्हणता येत नाही, म्हणून त्याला जागाही नसते. सातव्या मजल्यावरील घरात चटईपुरती जागा मिळते. ओटा हिशेबाबाहेर राहतो. उद्वाहन आणि पंप यांचा मासिक खर्च मात्र रोजंदारीवरील कुटुंबाच्या अंदाजपत्रकात नव्याने शिरतो.

प्रतिवाद आणि पर्याय

या विवेचनाचा अर्थ झोपडीचा गौरव करणे असा नव्हे. सार्वजनिक शौचालयापुढील रांग, पावसात गळणारा पत्रा, आगीची भीती यांतून मुक्तता ही मोठी गोष्ट आहे. विशेषतः स्त्रियांसाठी स्वतःचा नळ व स्वतःचे शौचालय यांचे मोल कोणत्याही सिद्धान्ताने कमी होत नाही. प्रश्न पक्के घर हवे की नको हा नसून ते कोणत्या मापाने बांधावे, हा आहे.

याचे एक उत्तर पुण्यातच येरवड्यात मिळते. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानाअंतर्गत तेथे कच्ची घरे मूळ जागीच, गल्ल्यांची रचना बव्हंशी कायम ठेवून पक्की करण्यात आली. लाभार्थ्यांनी खर्चाचा सुमारे १० टक्के वाटा उचलला. त्या पद्धतीलाही अत्यंत दाट वस्तीत मर्यादा पडतात. तथापि शेजार न मोडता घर सुधारता येते, हे तिने दाखवून दिले.

समारोप

मार्केट यार्डसारख्या परिसरात पुनर्वसनाच्या सर्वेक्षणात वास्तव्याच्या पुराव्याबरोबर कामाची वेळ, कामाचे ठिकाण आणि घरातून होणारे श्रम यांची नोंद होणे आवश्यक आहे. संमती प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यावर घेतली जावी. चावी दिल्याच्या दिवशी योजनेची इतिश्री न मानता काही वर्षांनी मूळ कुटुंबांपैकी किती जण तेथे टिकून आहेत, याची तपासणी व्हावी. ‘पुनर्वसन’ या शब्दात ‘पुन्हा वसणे’ अभिप्रेत आहे. इमारत उभी राहणे म्हणजे माणूस वसणे नव्हे. पहाटेच्या अंधारात त्या घरातून निघून तो बाजारात वेळेवर पोहोचू शकतो का, हीच त्या शब्दाची खरी कसोटी होय.