देवळीचा ताम्रपट आणि पुलगावचे प्राचीनत्व

पुलगावास मध्ययुगीन राजवंशाशी जोडू पाहणारास देवळीच्या ताम्रपटाचा आधार सहज सुचतो. पुलगाव व वर्धा यांच्या दरम्यान असलेल्या देवळीस राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शक 862 (इ. स. 940) मधील ताम्रपट सापडला आहे. परंतु हा आधार आम्हांस ग्राह्य वाटत नाही. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी प्रसिद्ध केलेल्या या लेखातील दत्त ग्राम नागपूर-नंदिवर्धन विभागातील आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकनजीकचे नगरधन. सबब हे साधन मुख्यतः नागपूर प्रांताच्या इतिहासाचे होय. ताम्रपट शिलालेखाप्रमाणे जागेस खिळलेला नसतो. तो दानग्राहकाच्या वंशजांबरोबर गावोगाव फिरतो. राष्ट्रकूटांची सत्ता या प्रदेशावर होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेवढ्याने पुलगाव प्राचीन ठरत नाही. त्याचे नावच वर्धा नदीवरील रेल्वेच्या पुलावरून पडले, आणि तो लोहमार्ग नागपुरास पोहोचला 1867 मध्ये. रेल्वे व कापूस यांनी वाढविलेल्या गावास उसने राजे कशास हवेत? त्याचा खरा इतिहास गिरणीच्या हजेरीपटांत व अडत्यांच्या वह्यांत आहे. ते कागद वाळवीच्या मुखी पडण्यापूर्वी स्थानिक अभ्यासकांनी गोळा करावेत, ही आमची विनंती.