खाली पाणी किती, हे कोणत्या महिन्यात मोजलं?

आज थोडी टीका करायची आहे, आणि ती स्वतःपासूनच सुरू करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका उंच जलकुंभाचा माती-अहवाल माझ्याकडे तपासायला आला. दोन बोअर, दोन्ही मे महिन्यातले. पाणी साडेतीन मीटरवर. मी सही केली. ऑगस्टमध्ये सहज तिकडे गेलो तर शेजारच्या विहिरीत वाकून हातानं कळशी बुडवता येत होती! म्हणजे वरची तीन मीटर वाळू कोरडी धरून आम्ही गणित बसवलं होतं, आणि ती निम्मं वर्ष पाण्यात होती.

याचं एवढं काय? बघा, सैल बारीक वाळू हलली की कण जवळ यायला बघतात. कोरडी असेल तर ती नुसती खचते. पण कणांच्या मधे पाणी भरलेलं असेल तर त्या काही सेकंदांत ते बाहेर पडू शकत नाही, मग वरचा भार कणांऐवजी पाणीच पेलायला लागतं आणि वाळूची पकड जाते. यालाच द्रवीकरण म्हणतात. अर्नाळा, राजोडी, कळंब इथे किनाऱ्याला वाळू आहे आणि खाली पाणी वरच आहे. त्यामुळे हा प्रश्न आपला आहे.

उगाच घाबरवायचं नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, त्यात १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ चा होता. विरारहून डहाणू रोड रेल्वेनं ६४ किलोमीटर. तेवढ्या धक्क्यानं इथली वाळू पातळ होणार नाही. पण आपण भूकंपक्षेत्र तीनमध्ये आहोत, आणि पुलाचं आयुष्य काही दहा वर्षांचं धरत नाहीत. २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. कांडला बंदरातली कार्यालयाची उंच इमारत तर पाइलवर होती, तरी कलली. 'पाइल टाकलेत साहेब' हे वाक्य म्हणून मला पुरेसं वाटत नाही.

आता संहितेकडे. आयएस १८९३ च्या पहिल्या भागाची २०१६ ची आवृत्ती घ्या. ती मातीचे तीन वर्ग करते. एन-मूल्य, म्हणजे ठरावीक वजनाचा हातोडा ठरावीक उंचीवरून पाडून नळी ३० सेंटिमीटर आत जायला लागणारे ठोके, ३० च्या वर असेल तर कठीण, १० च्या खाली असेल तर मऊ. ठीक. पण आलेखाचा वरचा सपाट भाग तिन्ही वर्गांना सारखाच, २.५. मऊ मातीला तो फक्त जास्त लांब चालतो, खडकाला ०.४ सेकंदाला संपतो, मऊ मातीला ०.६७ ला. म्हणजे ज्या बुटक्या इमारतीचा आवर्तकाल ०.४ च्या आत आहे, शाळा म्हणा, आरोग्य केंद्र म्हणा, पंपघर म्हणा, तिला खडकावर आणि नायगावच्या मिठागराच्या चिखलावर संहिता एकच बल लावते. हे मला पटत नाही. संहितेच्या बाजूनंही सांगायला हवं: क्षेत्र तीनमध्ये ५ मीटरपर्यंत एन १५ आणि १० मीटरच्या खाली २५ असावं, नसेल तर जमीन सुधारा किंवा पाइल चांगल्या थरात न्या, असं तीच सांगते. वाचणारे कमी.

आणि 'जमीन सुधारली' म्हणजे नेमकं काय केलं? पूर्वेकडच्या खाजणात सहसा चिखलात उभ्या निचरा-पट्ट्या घालून वर भराव ठेवतात. महिन्यामहिन्यांनी पाणी पिळून निघतं, चिखल घट्ट होतो. उपाय उत्तम, पण तो खचण्यावरचा आहे. पश्चिमेच्या सैल वाळूचा आजार वेगळा, तिथं ती दाबून घट्ट करायला हवी, खडीचे स्तंभ घालायला हवेत, म्हणजे हलताना चढलेला दाब पटकन उतरेल. पूर्वेचं औषध पश्चिमेला दिलेलं चालत नाही. बुजवलेल्या बावखलावर तर दोन्ही उपाय अर्धवट पडू शकतात, कारण खाली नेमकं काय टाकलंय ते बोअर नेमका तिथेच घेतल्याशिवाय कळत नाही.

दुसरी खोड म्हणजे सुधारणा पायाच्या कडेशी थांबवायची. पाइलवरची टाकी जागेवर राहते, शेजारची जमीन खचते, आणि टाकीत शिरणारा नळ सांध्याशी तुटतो. सूर्याचं पाणी शहरात नळानंच येतं. २०११ मध्ये क्राइस्टचर्चला जमीन पातळ झाल्यावर सांडपाण्याच्या वाहिन्यांचं काय झालं, ते जरूर बघा. लवचीक सांधा फार महाग नसतो. तो निविदेत लिहायला मात्र कुणाला तरी सुचावं लागतं.

प्रश्नोत्तरांत हमखास विचारतात, आम्ही सामान्य माणसांनी काय विचारायचं? माझ्याकडे दोनच प्रश्न आहेत. बोअर किती खोल गेला, आणि पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात मोजली. त्या जलकुंभाच्या अहवालात तारीख होती, पण ती शेवटच्या पानावर, आणि मी ते पान उलटलं नव्हतं.