प्रत्यक्ष गायन की ध्वनिमुद्रण? उपशामक शुश्रूषेतील एका तुलनेची समीक्षा

रोग बरा होणे नाही असे ठरल्यावर रुग्णाच्या यातना हलक्या करण्याचे जे कार्य उरते, त्यास उपशामक शुश्रूषा म्हणतात. तीत संगीताचा उपयोग होतो हे आता बहुतेकांस मान्य आहे. वाद आहे तो प्रत्यक्ष गायन श्रेष्ठ की ध्वनिमुद्रण, हा.

या वादात बेली यांच्या १९८३ च्या निबंधाचा दाखला हटकून दिला जातो. रुग्णालयातील ५० कर्करोग्यांपैकी प्रत्यक्ष गायन ऐकणाऱ्यांचा ताण व चिंता ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक उणावली, असा त्याचा निष्कर्ष आहे. तथापि ती पाहणी केवळ आसन्नमरण रुग्णांची नव्हे. हायडेलबर्ग येथील ८४ उपशामक रुग्णांवरील प्रयोग (२०१५) विषयाच्या अधिक जवळचा आहे. तेथे प्रत्यक्ष संगीतोपचाराने शिथिलता व स्वास्थ्य वाढले. वेदनेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. परंतु दुसऱ्या गटास ऐकविलेले ध्वनिमुद्रण संगीताचे नव्हतेच. ते सजगतेच्या शाब्दिक व्यायामाचे होते. तेव्हा ध्वनिमुद्रित संगीताविरुद्ध हा पुरावा पुढे करणे अयुक्त होय.

मूळ अडचण याहून खोल आहे. गायकाबरोबर खोलीत एक माणूसही येतो. मग गुण स्वराचा की सोबतीचा? गायक रुग्णाचा श्वास पाहून लय मंदावतो, कडवे अर्ध्यावर सोडतो. यंत्रास हे साधत नाही. उलट, मध्यरात्री जाग आली असता यंत्र हाताशी असते, तरुणपणी ऐकलेला आवाज ते जसाच्या तसा देते, आणि नकोसे झाल्यास निःसंकोच बंद करता येते. समोर गाणाऱ्यास ‘पुरे’ म्हणणे भिडस्त रुग्णास जड जाते.

हा केवळ पद्धतिशास्त्राचा प्रश्न नव्हे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासूनचे, वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासूनचे. विरार पूर्वेकडील चंदनसारसारख्या वस्तीतला रुग्ण उपचार थांबल्यावर घरी परततो, तेव्हा ही दोन्ही ठिकाणे दूर राहतात. शिकलेला संगीतोपचारक घरी मिळणे दुर्घट. मिळतो तो भ्रमणध्वनी, किंवा शेजारचे भजनी मंडळ. ‘प्रत्यक्ष तेच खरे’ असा निवाडा घाईने दिल्यास अशा घरांच्या वाट्यास आलेले साधन आपण विनाकारण हिणकस ठरवू.

म्हणून पुढील संशोधकाने एकच आवाज व एकच गीत घेऊन तीन अवस्था तपासाव्यात: गायक समोर; ध्वनिमुद्रण व शेजारी आप्त; आणि केवळ ध्वनिमुद्रण. यांतील मधली अवस्था चंदनसारच्या घरातही साधण्याजोगी आहे. तिची परीक्षा झाल्यावाचून या वादाचा निर्णय देता येणार नाही.