विलंबाची साक्ष : आनंद पटवर्धन यांच्या दोन माहितीपटांतील शासननीतीचा विचार

प्रस्तुत लेखात आनंद पटवर्धन यांच्या 'राम के नाम' (१९९२) आणि 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या दोन माहितीपटांचा विचार शासनाची नीती आणि समाजातील राजकीय दुभंग या दोन सूत्रांच्या अनुरोधाने करावयाचा आहे. पटवर्धन यांच्या चित्रपटांविषयी बोलताना त्यांच्या राजकीय भूमिकेचीच चर्चा बहुधा अधिक होते. ती भूमिका लपलेली नाही, त्यामुळे ती पुन्हा सिद्ध करण्यात फारसे हशील नाही. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की शासन नीतीने वागले की नाही हे ठरविण्यासाठी हे चित्रपट पुरावा म्हणून काय पुढे करतात? माझ्या मते तो पुरावा म्हणजे विलंब होय. कोणी काय म्हटले यापेक्षा कोणत्या गोष्टीला किती वर्षे लागली, याचा हिशेब हे चित्रपट ठेवतात.

मराठीत या चित्रप्रकाराला पूर्वी 'अनुबोधपट' म्हणत. शब्द अर्थपूर्ण आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. धरण, लसीकरण, कुटुंबनियोजन अशा विषयांवर शासन बोध करणार आणि प्रेक्षक तो घेणार, असे ते नाते होते. (पुष्कळ प्रेक्षक तेवढा वेळ बाहेर चहा पिऊन येत, हा भाग वेगळा.) पटवर्धन यांनी आणीबाणीतील राजबंद्यांवर 'जमीर के बंदी' (१९७८) हा चित्रपट केला, तेव्हा हे नाते उलटे झाले. शासन येथे बोध करणारे राहिले नाही, ते चौकशीचा विषय झाले. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन यांच्या घराण्यातील दिग्दर्शकाकडून असे घडावे, यात नवल नाही.

तुलनेसाठी अमेरिकेतील राजकीय माहितीपटांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तेथे शासनाच्या नीतीवरील चित्रपटांची परंपरा मोठी आहे. एमिल डी अँटोनिओ यांचा 'पॉइंट ऑफ ऑर्डर' (१९६४) हा १९५४ च्या लष्कर–मॅकार्थी सुनावणीच्या दूरचित्रवाणी मुद्रणातून सिद्ध झाला. एरॉल मॉरिस यांच्या 'द फॉग ऑफ वॉर' (२००३) मध्ये माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा भिंगाकडे थेट पाहत व्हिएतनाम युद्धाचा हिशेब मांडतात. चार्ल्स फर्ग्युसन यांचा 'इनसाइड जॉब' (२०१०) २००८ च्या आर्थिक संकटाची जबाबदारी कोणाची, हे विचारतो. या सर्वांत एक गृहीत समान आहे : सत्ताधारी व्यक्ती कॅमेऱ्यासमोर येईल, आणि तिच्या कबुलीतून किंवा अडखळण्यातून सत्य बाहेर पडेल. मायकेल मूर यांच्या 'फॅरनहाइट ९/११' (२००४) ची वाट थोडी वेगळी, उपहासाची आहे. डिस्नेने आपल्या मिरामॅक्स या कंपनीस त्याचे वितरण करू दिले नाही. तरी अन्य वितरकांमार्फत तो त्याच वर्षी जूनमध्ये देशभर लागला आणि एकट्या अमेरिकेत त्याने अकरा कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. नोव्हेंबरमध्ये जॉर्ज बुश पुन्हा निवडून आले. चित्रपट वेळेवर पोहोचला. प्रेक्षक मात्र आधीच विभागलेले होते.

आपल्याकडील अडचण नेमकी उलट आहे. 'राम के नाम' ६ डिसेंबर १९९२ पूर्वीच तयार होता. १९९० ची सोमनाथहून निघालेली रथयात्रा, ३० ऑक्टोबर १९९० ची अयोध्या, १९४९ च्या डिसेंबरमधील त्या रात्री आपणही होतो असे सांगणारा महंत, हे सारे त्यात होते. त्याला उत्कृष्ट शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ज्या शासनाने पुरस्कार दिला त्याच्याच दूरदर्शनने तो दाखविण्यास नकार दिला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये तो प्रसारित झाला. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' (१९९५) या पुढच्या चित्रपटाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास ऑगस्ट २००६ उजाडले. तातडीचा इशारा म्हणून केलेली कृती अशा रीतीने पडद्यावर येईपर्यंत इतिहास झालेली असते.

'राम के नाम'मधील सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे न्यायालयनियुक्त पुजारी लालदास. तो श्रद्धाळू आहे, आणि श्रद्धाळू असल्यामुळेच राजकारणाला नकार देतो. समाज धार्मिक व निधर्मी असा दुभंगला आहे, ही सोयीस्कर मांडणी त्याच्या दोनचार वाक्यांनी कोसळते. १६ नोव्हेंबर १९९३ रोजी लालदास यांची गोळ्या घालून हत्या झाली. आज चित्रपट पाहणाऱ्याला ते ठाऊक असते, म्हणून त्यांचे शांत बोलणे ऐकवत नाही.

तथापि याच चित्रपटात एक दोष आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. रामाचा जन्म केव्हा झाला, असा प्रश्न तरुणांना विचारला जातो, ते गोंधळतात, प्रेक्षागृहात हशा पिकतो. हा हशा कोणाचा? शिकलेल्यांचा. दुभंगावरील चित्रपट त्या क्षणी आपल्याच प्रेक्षकांना 'आपण' आणि 'ते' असे विभागून टाकतो. मूर यांच्या उपहासाची जी मर्यादा, तीच येथे दिसते. लालदासांना प्रश्न विचारणारा दिग्दर्शक आणि या पोरांना विचारणारा दिग्दर्शक एकच आहे, यावर विश्वास बसणे कठीण जाते.

'जय भीम कॉम्रेड'मध्ये हा दोष जवळजवळ नाहीसा झाला आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी, १५ जुलै रोजी, लोकशाहीर विलास घोगरे यांनी मुलुंड येथील आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) मध्ये घोगरे यांचे गाणे होते. मित्राच्या मृत्यूचा शोध म्हणून सुरू झालेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले, आणि तीन तासांहून अधिक लांबीचा चित्रपट तयार झाला.

ही चौदा वर्षे केवळ निर्मितीचा तपशील म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत. चित्रपटाचा घाट त्यांतूनच बनला आहे. जमाव टँकर पेटविणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असा पोलिसांचा दावा होता. चित्रपट त्या दाव्यातील अंतर आणि वेळ तपासतो. येथे त्याची पद्धत एखाद्या काटेकोर पंचनाम्यासारखी आहे. मग न्यायमूर्ती गुंडेवार आयोग येतो, सरकारे बदलतात, निवडणुका होतात. युती सरकार जाऊन आघाडी सरकार आले तरी वस्तीतील बाया त्याच ओट्यावर बसून तेच सांगतात, फक्त त्यांचे केस पांढरे झालेले असतात. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित उपनिरीक्षकास दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. एकाही मंत्र्याच्या कबुलीची येथे गरज पडत नाही. मॅकनामारांसारखा माणूस समोर बसवून जे साधत नाही, ते वाट पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांनी साधते.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला हे मोजमाप परके नाही. शेंद्रा, चिकलठाणा, वाळूज येथील कारखान्यांत आज काम करणाऱ्या अनेकांच्या घरी नामांतराची आठवण सांगितली जाते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, लगोलग दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव करणारे आणि तो साडेपंधरा वर्षे अमलात न आणणारे सभागृह एकच. हा काळ आपल्या भागात ज्यांनी पाहिला त्यांना रमाबाई नगरातील म्हाताऱ्यांचे संथ, न रडता केलेले बोलणे विशेष उमगेल, असे वाटते. एरवी हा चित्रपट त्यांना पडद्यावर भेटणार कसा, हा प्रश्न आहेच. असे चित्रपट व्यापारी चित्रपटगृहांत क्वचितच लागतात. 'जय भीम कॉम्रेड'चे पहिले जाहीर प्रदर्शनही जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, वस्तीतल्या माणसांसमोर झाले होते.

दुभंगाचे चित्रणही येथे अधिक प्रामाणिक आहे. शिवाजी पार्क परिसरातील सुखवस्तू माणसे ६ डिसेंबरच्या गर्दीविषयी तक्रारीच्या सुरात बोलतात, तो भाग अपेक्षित म्हणावा लागेल. अनपेक्षित आहे ते आंबेडकरी चळवळीच्या आतील फुटीचे दर्शन. ज्या पक्षांच्या राजवटीत गोळीबार झाला त्यांच्याच व्यासपीठावर पुढे चळवळीतील नेते दिसू लागतात. रामदास आठवले यांच्या रिपब्लिकन पक्षाने शिवसेना–भाजप युतीशी हातमिळवणी केली ती २०११ मध्येच, म्हणजे चित्रपट पूर्ण झाला त्या वर्षी. डाव्या चळवळीलाही सूट नाही. घोगरे यांना त्यांच्या डाव्या संघटनेने दूर केले होते, आणि मरताना त्यांनी डोक्याला निळे कापड बांधले होते. जात आणि वर्ग यांतील कोणता प्रश्न आधी, या महाराष्ट्रातील जुन्या वादाचे एवढे बोलके चित्र दुसरे क्वचितच सापडेल. असे असूनही डाव्यांच्या या वागण्याची चौकशी पोलिसांच्या दाव्याच्या चौकशीइतकी खोलवर जात नाही. दिग्दर्शक येथे हळुवार होतो. मित्रांविषयीचा हळुवारपणा समजण्यासारखा असला, तरी टँकरचे अंतर मोजणाऱ्याकडून या बाबतीतही मोजमापाची अपेक्षा होती.

शेवटच्या भागात पुण्याच्या कबीर कला मंचाचे तरुण शाहीर येतात. शीतल साठे यांचा आवाज घोगरे यांच्या आवाजाची जागा घेतो आणि क्षणभर चित्रपट आशेवर संपेल असे वाटते. पण मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादाचा ठपका येतो, ते भूमिगत होतात, आणि कॅमेरा शीतल यांच्या आईच्या घरी जातो. गोळीबार करणाऱ्यावरील खटला निकाली निघण्यास बारा वर्षे घेणारी यंत्रणा गाणाऱ्यांच्या मागे किती त्वरेने लागते, हे येथे निवेदनावाचून कळते. साठे आणि सचिन माळी यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. चित्रपट तोवर पूर्ण झालेला होता. पडद्यावर आई अजून मुलीची वाट पाहत घरातच आहे.