उपलब्ध म्हणजे मुक्त नव्हे

तत्त्वज्ञानाच्या माणसाला शब्द तपासून घ्यायची खोड असते. विद्यापीठीय ग्रंथालयांबद्दल बोलताना आज मी एकच शब्द तपासणार आहे, 'मुक्त'.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं. लाभ ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना. ही चांगली गोष्ट आहे, हे आधीच मोकळेपणानं सांगतो. एखाद्या लेखासाठी मोठ्या शहरातल्या ओळखीच्या माणसाला गळ घालणारे विद्यार्थी मी आयुष्यभर पाहिले आहेत.

पण याला मुक्त म्हणायचं का? नाही. ही वर्गणी आहे. दार उघडतं, ते यादीत नाव पाहून. मी निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत माझा पासवर्ड चालेनासा झाला. वाचायची गरज काही निवृत्त झाली नव्हती! शिवाय छापील अंक वर्गणी थांबली तरी कपाटात राहायचा. आता मागे काय उरणार, ते करारातली कलमं ठरवतात.

मग मुक्त कशाला म्हणायचं? २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात मोफत वाचण्यापाशी गोष्ट थांबत नाही. उतरवून घेणं, प्रती वाटणं, छापणं आणि मजकुरात शोध घेणं, हे सगळं त्यात येतं. यातलं शेवटचं जरा लक्षात ठेवा.

यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. त्यातून 'शोधगंगा' उभी राहिली, आणि ती कुणालाही वाचता येते. हे खरं मोठं काम. आता दुसरीकडचा अनुभव सांगतो. एका विद्यापीठाच्या स्वतःच्या संग्रहात मी एक मराठी प्रबंध उघडला आणि त्यात 'प्रामाण्य' हा शब्द शोधला. उत्तर आलं, शून्य. आणि शब्द तर समोरच्या पानावर दिसत होता! असं का होतं? कधी फाइल म्हणजे नुसते पानांचे फोटो असतात. कधी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. आपल्याला मराठी दिसतं, यंत्राला मात्र रोमन चिन्हांची खिचडी. म्हणजे प्रबंध उपलब्ध आहे, पण सापडत नाही. डिजिटल संशोधनाच्या लेखी तो नसल्यातच जमा.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. दुसरं वाचकाच्या बाजूचं, त्याला हवा तो ग्रंथ मिळावा. तिसरं ग्रंथाच्या बाजूचं, त्यालाही आपला वाचक भेटावा. वर्गणीनं दुसऱ्या सूत्राची सोय होते. तिसरं आपण विसरलो, ही माझी तक्रार आहे. बाहेरचं ज्ञान विकत आणणारं ग्रंथालय आपल्याच विभागात लिहिलेलं ज्ञान जगापुढे ठेवत नसेल, तर ते ग्राहक झालं. ग्रंथालय उरलं नाही.

उपाय फार महागडा नाही. आपल्याच कपाटापासून सुरुवात करा. जुने प्रबंध, विभागांची बंद पडलेली नियतकालिकं घ्या. लेखकांची लेखी परवानगी मिळवा, मजकूर युनिकोडमध्ये आणा, मुद्रितं माणसाकडून तपासून घ्या. या कामासाठी ग्रंथालयात एक कायमचं पद ठेवा.

माझा स्वतःचा प्रबंध टंकलेखित आहे. परवानगीचं पत्र मी त्याच्यातच ठेवून दिलं आहे. अजून कुणी मागायला आलेलं नाही.